तीन तास, दोन नद्या

नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर अशीं गांवें घेत घेत जातो. नांदेड गोदावरीच्या कांठीं वसलेलें, लातूर मांजरेच्या खोऱ्यांतलें, आणि या दोहोंच्या मध्यें बालाघाटाच्या डोंगररांगांचा उंचसखल माळ पसरला आहे. या रस्त्यानें जातांना थोड्या थोड्या अंतरावर एखादें माध्यमिक विद्यालय दिसतें. पुढें पटांगण, पटांगणांत ध्वजस्तंभ, लिंबाचीं दोन-चार झाडें आणि कडेला पाण्याची टांकी. टांकींत पाणी असेलच असें मात्र नाहीं. अशा एखाद्या विद्यालयांतील दहावीचा वर्ग श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. या बाजूस तशा शाळा पुष्कळ आहेत, आणि एकीची गोष्ट ती बहुतेक सर्वांचीच गोष्ट आहे.

दिवस दिवाळीच्या सुटीनंतरचा, कार्तिकांतला. वेळापत्रकांत त्या दिवशीं तीन तास असे आले आहेत कीं, ते एकाच विषयाचे असावेत असा भास व्हावा. सकाळीं भूगोल, मधल्या सुटीपूर्वीं इतिहास आणि समाज, व दुपारीं कायदा. पुस्तकांत या शेवटल्या विषयाला राज्यशास्त्र म्हणतात. मागील पिढी त्याला नागरिकशास्त्र म्हणत असे. नांव कोणतेंही घ्या, परीक्षेच्या बाजारांत या तिन्ही विषयांना भाव कमीच. हुशार मूल आपली सारी शक्ति गणितावर आणि विज्ञानावर खर्च करतें. लातूरच्या नांवानें जी अभ्यासाची पद्धति महाराष्ट्रभर गाजली, तिचा डोळाही वैद्यकीच्या आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशाकडेच. त्यांत गैर कांहीं नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर होण्याची वाट ज्या गांवानें दाखविली, त्या गांवाचें कौतुकच केलें पाहिजे. पण डॉक्टर होणाऱ्या मुलालाही पाणी लागतें, आणि तें कोठून येतें, कोणाला मिळतें व कोणाच्या हुकमानें मिळतें, हें त्याला रसायनशास्त्र सांगत नाहीं.

भूगोलाच्या तासाला भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला आहे. २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकांत भारत आणि ब्राझील या दोन देशांची जोडी लावून दिलेली आहे. कल्पना चांगली; तुलनेनें ज्ञान पक्कें होतें. तथापि ज्या मुलीनें सकाळीं दोन घागरींसाठीं पाऊण तास रांग धरली, तिला ॲमेझॉनच्या पाण्याचे आंकडे सांगतांना शिक्षकांची जीभ थोडी अडखळते. म्हणून आजचे शिक्षक जगाचा नकाशा गुंडाळून ठेवतात आणि फळ्यावर खडूनें एक वांकडी रेघ ओढतात. ही मांजरा.

बीड जिल्ह्यांत पाटोदा तालुक्यांत बालाघाटाच्या माथ्यावर ती उगम पावते. तेथून पूर्वेकडे निघून धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांना शिवत ती कर्नाटकांत बीदरकडे उतरते, मग तेलंगणांत शिरते आणि तेथें चक्क उत्तरेकडे वळते. हें वळण मुलांना नेहमींच नवल वाटायला लावतें. नदीनें असें मागें कां फिरावें? जमिनीचा उतार जिकडे, तिकडे पाणी. त्याला राज्य ठाऊक नाहीं आणि जिल्हाही ठाऊक नाहीं. निजामसागराच्या मोठ्या धरणांतून पुढें येऊन ती पुन्हां नांदेड जिल्ह्याच्या कडेनें वाहते आणि सीमेलगत तेलंगणांतील कंदकुर्ती येथें गोदावरीला मिळते. म्हणजे नांदेडची नदी आणि लातूरची नदी यांची भेट होते ती महाराष्ट्राचा उंबरठा ओलांडल्यावर. एक मुलगा पुढें येऊन त्या रेघेवर बोट फिरवितो आणि म्हणतो, "सर, म्हणजे आपलं पाणी एवढा वळसा घेऊन मामाच्या गांवाला जातं!" त्याचा मामा धर्माबादेस असतो. भूगोलाचें याहून चांगलें उत्तर परीक्षेंत क्वचितच मिळत असेल.

मग पाऊस. लातूरकडे वर्षाकांठीं सरासरीनें सातशें ते आठशें मिलिमीटर पाऊस पडतो. हा आंकडा कांहीं वाळवंटाचा नव्हे. पण सरासरी ही फसवी बाई आहे. एका वर्षीं पूर, दुसऱ्या वर्षीं धूळ, आणि दोहोंची बेरीज करून भागिलें कीं हिशेब गोड दिसतो. त्यांतून खालीं काळा कातळ. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक थिजून हा दख्खनचा खडक झाला. त्याच्या अंगांत पाणी मुरत नाहीं. भेगांत आणि थरांच्या सांध्यांत सांपडेल तेवढेंच. म्हणून एकाच्या विहिरीला धो धो पाणी, आणि बांधापलीकडच्या विहिरींत दगड. पाणाड्या हातावर नारळ धरून शिवारभर फिरतो आणि नारळ उभा राहील तेथें बोट दाखवितो, तो याच अज्ञाताच्या जोरावर. पाणाड्याला हंसणें सोपें आहे. पण शास्त्रज्ञ ज्याच्या शेतापर्यंत कधीं पोंचला नाहीं, त्यानें कोणाला विचारावें?

याच खडकानें एकदां पुस्तकालाही खोटें पाडलें होतें. दख्खनचें पठार म्हणजे भारताचा सर्वांत स्थिर भाग, असें पिढ्यान् पिढ्या मुलांकडून घोकून घेतलें गेलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन उरकून लोक झोंपले असतां, किल्लारी आणि आसपासचीं गांवें भुईसपाट झालीं व हजारों माणसें दगड-मातीच्या भिंतींखालीं गेलीं. त्यानंतर पुस्तकांतलें तें वाक्य शिकवितांना या बाजूचा शिक्षक आवाज खालीं आणतो.

२०१६ सालची आगगाडी ही मात्र मुलांची आवडती गोष्ट. त्यांना स्वतःला ती आठवत नाहीं, तीं तेव्हां लहान होतीं. पण घरोघर ती सांगितली जाते. लातूरला पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें होतें. १२ एप्रिल २०१६ च्या पहांटे मिरजेहून दहा वाघिणींची गाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन लातूरच्या स्थानकांत शिरली. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या. शिक्षक येथें मुलांना गणित घालतात: २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांवर, तेव्हां त्या पहिल्या गाडीचें पाणी माणशीं किती आलें? उत्तर निघतें, दीड लिटरही नाहीं. पन्नास वाघिणींच्या गाडीचें धरलें तरी साडेसहा लिटर. वर्ग गप्प होतो. मिरजेचें पाणी कृष्णेच्या खोऱ्यांतलें, लातूर गोदावरीच्या खोऱ्यांतलें. डोंगरानें ज्या दोन पाण्यांना वेगळें केलें होतें, तीं रुळांवरून भेटलीं. घंटा होते, आणि ब्राझीलचा धडा उद्यांवर जातो.

इतिहासाच्या तासाला ज्या बाई येतात, त्यांच्या हातांत पुस्तक नसून हजेरीपट असतो. शेवटल्या बाकावरचीं दोन नांवें त्या हांक मारून वाचतात, उत्तर येत नाहीं. शेजारचा मुलगा उठून सांगतो, "बाई, ते कारखान्याला गेलेत. घरच्यांनी उचल घेतली होती." दसऱ्या-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहींत एक 'कोयता' म्हणतात. माणसाचें नांव हत्याराच्या नांवांत बुडून जातें. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत उसाच्या फडांतून सुटका नाहीं, आणि घरीं म्हातारें माणूस नसलें तर मुलेंही फडावर जातात. मार्च-एप्रिलांत तीं परततात, तोंवर दहावीची परीक्षा होऊन गेलेली असते. अशा मुलांसाठीं सरकारनें हंगामी वसतिगृहें काढलीं आहेत व तीं उपयोगाचीं आहेत, हें खरें. परंतु पंधरा वर्षांचा, अंगानें भरलेला मुलगा घरच्यांच्या दृष्टीनें अर्धा कोयता असतो. त्याला वसतिगृहांत ठेवणें म्हणजे तेवढी मजुरी सोडणें.

बाईंना शिकवायचा आहे महाडचा सत्याग्रह. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बोले यांचा ठराव झाला, त्यानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे ठरविले; महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें कागदावर खुलें केलें; आणि तरीही तळ्याचें पाणी कोणाला ओंजळभर घेतां येईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढें खटला चालला, तो दहा वर्षें. मुंबईच्या उच्च न्यायालयानें १९३७ च्या मार्चांत निकाल दिला तेव्हां तो हक्क शाबूत ठरला. एका ओंजळीसाठीं दहा वर्षें, हें बाई फळ्यावर लिहीत नाहींत, नुसतें सांगतात. मग भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं आणि स्नानाचे घाट हे शब्द कां आले आहेत, तें मुलांना निराळें समजवावें लागत नाहीं. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या घटनेंत विहिरीचें नांव काढावें लागलें! तिच्या शेजारींच सतरावें कलम अस्पृश्यता नाहींशी करणारें.

येथें पुष्कळ शिक्षक धडा संपवितात. तारखा झाल्या, कलमें झालीं, स्वाध्याय घालावा. या बाई संपवीत नाहींत. त्या विचारतात, "आपल्या गांवांत टँकर येतो तेव्हां कोणत्या वस्तींत पहिल्यानें थांबतो?" कोणी बोलत नाहीं. पुढच्या बाकांवरचीं मुलें मागें पाहत नाहींत आणि मागच्या बाकांवरचीं पुढें. थोड्या वेळानें एक मुलगी हळूच म्हणते, "आमच्या वस्तीला शेवटी येतो, बाई. कधी कधी रिकामाच येतो." बाई त्यावर व्याख्यान देत नाहींत. तें वाक्य त्या तिलाच वहींत लिहायला सांगतात, तारखेसह.

दुपारचा तास कायद्याचा. जेवण झालेलें, उन्हाची तिरीप बाकांवर आलेली, झोंपेची वेळ. याच तासाला जीव लावणें सर्वांत अवघड, आणि या भागांत तर सर्वांत जरूर. सकाळची खडूची रेघ अजून कोणीं पुसलेली नाहीं. कायद्याचे शिक्षक तीच रेघ कामाला घेतात.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. या मुलांचे पणजोबा शाळेंत उर्दूंतून शिकले, आणि त्यांच्या नकाशांत मांजरा उगमापासून निजामसागरापर्यंत एकाच सरकारची होती. तो निजामसागर १९२३ ते १९३१ या काळांत बांधला गेला, तेव्हां वरच्या गांवांना कोणीं विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार राज्यें झालीं, मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि एका रात्रींत घरची नदी परराज्याची झाली. त्याच १९५६ सालीं संसदेनें आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियम केला, हा योगायोग मुलांच्या लक्षांत आणून देण्यासारखा आहे. गोदावरीसाठीं १९६९ मध्यें लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा यायला १९८० साल उजाडलें.

निवाडा आला म्हणून भांडण मिटलें नाहीं. नांदेड जिल्ह्यांत धर्माबाद तालुक्यांत बाभळी येथें महाराष्ट्रानें गोदावरीवर बंधारा बांधला. पलीकडच्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दींत येतो, आणि हा बंधारा त्या फुगवट्यांतच पडला. आंध्र प्रदेशानें हरकत घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं निकाल लागला. बंधारा राहूं द्यावा. पण १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत त्याचे दरवाजे उघडे ठेवावेत, आणि दर वर्षीं १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें. बंधाऱ्याची सारी धारणशक्ति २.७४ अब्ज घनफूट. देखरेखीला समिति, तींत केंद्रीय जल आयोगाचा माणूस.

धर्माबादेस मामा असलेला मुलगा येथें जागा होतो. "पण सर, पावसाळ्यांतच दरवाजे उघडे ठेवायचे, तर मग अडवायचं काय?" प्रश्न चोख आहे. नदीला पाणी असतें तेव्हां दारें उघडीं, आणि दारें लावावयाची तेव्हां पावसाळा सरलेला. शिक्षक त्याला म्हणतात, "बाळा, हाच प्रश्न तुझ्या मामाच्या गांवचे शेतकरीही विचारतात. आतां पलीकडच्या शेतकऱ्याच्या जागीं उभा राहा आणि तोच प्रश्न उलटा विचार." मुलगा विचार करतो. त्याला उत्तर सांपडत नाहीं. पण प्रश्नाला दोन तोंडें असतात, एवढें त्याला उमगतें, आणि कायद्याच्या अभ्यासाची सुरुवात खरें म्हणजे तेथून होते.

२०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरांत पाण्याच्या टांक्यांभोंवतीं आणि टँकर भरण्याच्या जागीं जमावबंदी पुकारली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेचें १४४ वें कलम, जें दंगलींत आणि निवडणुकांत ऐकूं येतें, तें घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायाबापड्यांना लागू झालें. आतां ती संहिता राहिली नाहीं; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तोच अधिकार तिच्या १६३ व्या कलमांत आहे. मुलांना कलमाचा आंकडा घोकायला लावण्यांत अर्थ नाहीं, तो बदलतो. हुकूम कां काढावा लागला, तो किती दिवसांचा असतो, आणि त्यानें तहान भागली कीं नुसती रांग पांगली, हें विचारायला शिकविलें पाहिजे. अधिकाऱ्यांना दोष देणें सोपें. रिकाम्या टांकीवर हाणामारी होऊन माणूस मेलें असतें तर लोकांनीं त्यांनाच धारेवर धरलें असतें.

मग एक मुलगा उठतो, एरवीं कधींच न बोलणारा. त्याच्या वडिलांनीं दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे गेले. तिसऱ्यासाठीं कर्ज काढलें आहे. आठशें-हजार फुटांपर्यंत जायचें ठरलें आहे; गाडी आज रात्रीं येणार. शेजारी म्हणतो, तुमच्या बोअरनें माझी विहीर आटेल, मी तक्रार करीन. "सर, तक्रार करता येते का त्याला?"

हा प्रश्न पुस्तकांत नाहीं. उत्तर देतांना शिक्षकांना पायरी पायरीनें जावें लागतें. १८८२ चा जुना सुविधाधिकार कायदा असें धरून चालतो कीं, जमिनीखालचें जें पाणी ठराविक पाटानें वाहत नाहीं, तें आपल्या हद्दींत काढण्याचा हक्क जमिनीच्या मालकाला आहे. तो कायदा झाला तेव्हां पाणी मोटेनें काढीत असत. बैल जेवढें ओढतील तेवढेंच पाणी जाई, म्हणून हक्काला आपोआप मर्यादा होती. यंत्र आलें आणि बैलांची ती मर्यादा गेली. १९९३ सालीं महाराष्ट्रानें पिण्याच्या पाण्यापुरता कायदा केला आणि सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर पाडूं नये असें ठरविलें. नंतर २००९ चा भूजलाचा अधिनियम झाला, तो २०१४ पासून अमलांत आला. त्यांत साठ मीटरांहून खोल विहिरी पाडण्यावर निर्बंध घातला आहे. साठ मीटर म्हणजे दोनशें फूट होतात न होतात. मुलगा मनांत हिशेब करतो. हजार फूट कोठें आणि दोनशें फूट कोठें!

"पण सगळेच पाडतात, सर," तो म्हणतो. आणि तें खरेंच आहे. शिवाराशिवारांतून रात्रभर यंत्राचा आवाज ऐकूं येतो, तो कायद्याच्या पुस्तकाला विचारून येत नाहीं. याला उत्तर म्हणून नीतीचा पाठ देणें शिक्षकांना सहज जमलें असतें. तसें न करतां ते एवढेंच म्हणतात, "तुमचा गट कोणता, गांवची पाण्याची योजना किती अंतरावर, तें वडिलांना विचार. आणि भूजल खात्याचं कार्यालय जिल्ह्याला आहे, तिथं जाऊन जागा दाखवून घ्यावी असं त्यांना सांग. हजार फुटांचे पैसे घालण्याआधी एक खेप लातूरची पडली तर बिघडत नाही." मुलगा वहीच्या मागल्या पानावर '५०० मीटर', '६० मीटर' एवढेंच लिहून घेतो. वर्गांत लिहिलेल्या शब्दांपैकीं घरीं मोठ्यानें वाचले जाणारे शब्द फार थोडे असतात, हे त्यांतले.

शिक्षकांना आणखी एक गोष्ट सांगावयाची होती, ती अर्धीच राहते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. शेवटल्या बाकावरचीं तीं दोन मुलें पंधरावें ओलांडून गेलीं आहेत. म्हणजे दहावीच्या उंबरठ्यावर, जेथें हात धरण्याची सर्वांत गरज, तेथें कायद्यानें हात सोडलेला असतो. हें वाक्य त्यांच्या तोंडांत असतांनाच घंटा होते.

पांचाच्या सुमारास पटांगण रिकामें होतें. सकाळीं टँकरविषयीं बोललेली मुलगी दप्तर पाठीला अडकवीत सर्वांच्या आधीं फाटकाबाहेर पडते. आज नळाचा दिवस, आठवड्यानें पाणी यायचें आणि तें तासभरच. न बोलणारा मुलगा मात्र रेंगाळतो. टांकीशीं उभा राहून तो वहीचें मागलें पान पुन्हां एकदां उघडून पाहतो आणि मग रस्त्याला लागतो. अहमदपूरच्या बाजूनें बोअरची गाडी धूळ उडवीत येत असते.